मुकादमाचा हेर

१

भिंगाखाली काळोख होता.

चिमटाबाईंनी काचपट्टी जराशी सरकवली, पेच फिरवला आणि पुन्हा डोळा लावला. माशाच्या इवल्याशा पिल्लाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी हिरव्या ठिपक्यांनी भरलेल्या दोन वाट्या दिसायला हव्या होत्या. तिथे काही म्हणजे काही नव्हतं. त्यांनी दुसरी काचपट्टी लावली, मग तिसरी. सगळीकडे ठार अंधार.

"पाहिलंत?" मागे उभे असलेले सर म्हणाले. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. उंचेपुरे, आवाज भारदस्त, आणि आज रागाने कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "एका पोरीच्या निष्काळजीपणामुळे आमच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी पडलं."

"पडलं की नाही, तेच बघायला आलेय," चिमटाबाई म्हणाल्या.

हे नाव त्यांना कॉलेजात पडलं होतं. एकदा पकडलेली शंका त्या सोडत नसत, म्हणून सगळे चिमटा म्हणत. पुढे केस पिकले तसं त्याला 'बाई' जोडलं गेलं, इतकंच. शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्या गाठी तपासायच्या. कुठली गाठ साधी आणि कुठली जिवावरची, हे रोज अँटीबॉडी वापरूनच ठरवायचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. या संस्थेचे संचालक म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सकाळी त्यांचाच फोन आला होता.

"ताई, घरचं माणूस म्हणून सांगतोय. शुक्रवारी समितीपुढे एका मुलीला काढून टाकायचं पत्र येणार आहे. सही मला करायची आहे, आणि हात धजत नाहीये."

प्रकरण साधं दिसत होतं. सरांची प्रयोगशाळा माशांच्या पिल्लांत डोळा कसा घडतो याचा अभ्यास करायची. पेशीच्या केंद्रकात एक प्रथिन जाऊन बसतं आणि जनुकांना हुकूम सोडतं: तू उठ, तू कामाला लाग, तू गप्प बस. त्याच्या हुकमावर डोळा उभा राहतो. ते नसेल तर पिल्लू बिनडोळ्याचं जन्मतं. प्रयोगशाळेत त्या प्रथिनाला सगळे मुकादम म्हणत.

हा मुकादम दिसत मात्र नाही. त्याला शोधायला सरांच्या पत्नीने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, फार वर्षांपूर्वी एका सशात अँटीबॉडी तयार केली होती. ती पेशीत शिरते, बाकी कोणाकडे ढुंकूनही बघत नाही, थेट मुकादमाला जाऊन चिकटते. तिचं नाव हेर. पण हेरही अदृश्यच. म्हणून मागून दुसरी अँटीबॉडी सोडायची, जी सशाची अँटीबॉडी ओळखते आणि स्वतः हिरवी चमकते. हिला कंदील म्हणायचं. मुकादम जिथे, तिथे हेर. हेर जिथे, तिथे कंदील. आणि कंदील म्हणजे हिरवा ठिपका.

ससा म्हातारा होऊन केव्हाच गेला होता. हेराची शेवटची एकच नळी फ्रीझरमध्ये उरली होती. ती अखेरच्या प्रयोगासाठी धाकटीला दिली गेली. धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यांत लहान विद्यार्थिनी. तिने मुकादमाचं जनुक कापून बिनडोळी पिल्लं तयार केली होती. साध्या पिल्लांत हेर ठिपके दाखवणार, बिनडोळ्या पिल्लांत काहीच दाखवणार नाही, आणि सरांचा मोठा लेख पूर्ण होणार, असा बेत होता. प्रत्यक्षात साध्या पिल्लांतही काळोख निघाला.

"नळी तिने टेबलावर उघड्यावर टाकली असणार," सर म्हणाले. "उकाड्यात हेर मेला. आणि वर कबूलही करत नाही."

"टाकलेली कोणी पाहिली?"

सरांनी हात उडवले. "दुसरं काय झालं असेल?"

चिमटाबाईंनी भिंगाचा दिवा मालवला. "हेर मेला तरी काळोख, आणि हेराला कोणी पळवलं तरी काळोखच. यातलं काय झालं, ते मी त्या नळीलाच विचारते. त्याआधी माणसांशी बोलून घेते."

२

धाकटी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. रडून झालेलं होतं, आता नुसता हट्ट उरला होता.

"मॅडम, नळी मी बर्फातून बाहेर काढलीच नाही. बर्फातच उघडली, लागेल तेवढं घेतलं, परत ठेवली. पण माझ्यावर विश्वास ठेवायचा तर सरांना दुसऱ्या कोणावर तरी अविश्वास दाखवावा लागेल. ते सोपं नाही ना."

"मला तुझ्या पिल्लांविषयी सांग. कापाकापी कशी केलीस?"

कामाचं विचारल्याबरोबर तिचा आवाज बदलला. "आधी मुकादमाच्या जनुकाला अगदी सुरुवातीला, डोक्यापाशी कापायचं ठरलं होतं. ते जमेना. पिल्लं जगायचीच नाहीत. मग मी मधोमध कापलं. डोळा येत नाही तो नाहीच. सरांना सांगितलं, ते बरं म्हणाले."

"अजून कोणाला सांगितलंस?"

"नाही. कोणी विचारलं नाही. सगळे बिनडोळी पिल्लंच म्हणतात." ती जरा घुटमळली. "एक गोष्ट आहे. रंगवण्यासाठी ठेवलेली बिनडोळी पिल्लं मला थोडी कमी वाटली होती. म्हटलं, धुताना वाहून गेली असतील."

चिमटाबाईंनी मान हलवली आणि पुढची खोली गाठली.

तिथे दादा बसला होता. प्रयोगशाळेतला सगळ्यांत अनुभवी संशोधक, लवकरच स्वतःची प्रयोगशाळा काढायला दुसरीकडे जाणार. त्याचा विषय स्नायू.

"खरं सांगू का बाई, या खोलीलाच साडेसाती लागलीय," तो खुर्ची मागे रेलत म्हणाला. "मी प्रयोग बंद करून लेख लिहायला बसलो होतो. आता परीक्षक म्हणतात एक चित्र पुन्हा काढून द्या. काढायला गेलो तर माझी स्नायूंची अँटीबॉडीही काही दाखवेना. जुनी झाली असेल. नवीन मागवलीय."

"तुमचा आणि धाकटीचा संबंध कसा?"

"चांगला आहे. तिला सरांपुढे बोलता येत नाही आणि मला सरांपुढे गप्प बसता येत नाही. त्यामुळे दोघांनाही सारख्याच शिव्या बसतात."

सरांनी आपल्या खोलीत चिमटाबाईंना हेराचा सगळा इतिहास ऐकवला. मुकादमाच्या डोक्याकडच्या तुकड्यापासून तो बनवला होता, कारण तो तुकडा दुसऱ्या कुठल्याच प्रथिनात सापडत नाही. किती देशांतल्या प्रयोगशाळांनी तो मागून नेला, हेही सांगितलं. स्वतः त्यांनी नळी हातात घेऊन कित्येक वर्षं झाली होती. "ते खातं हिचं," ते म्हणाले आणि दाराकडे पाहिलं.

दारात वहिनी उभ्या होत्या. फ्रीझरच्या किल्ल्या कमरेला, हातात चहाचे दोन कप. एक त्यांनी बाईंना दिला.

"पोरीला फार बोलू नका," वहिनी हळूच म्हणाल्या. "जीव तोडून काम करते. मी तर म्हणते, एका अर्थी बरंच झालं. त्या बिनडोळ्या पिल्लांत नुसतं धुकं दिसलं असतं आणि ती आणखीनच खचली असती."

"तुम्ही तिची बाजू घेता?"

"मी तिला लेकीसारखी मानते. यांना मी सांगितलंय, पत्र लिहू नका. पण ऐकतील तर शपथ."

चिमटाबाईंनी चहा संपवला आणि हेराची नळी मागितली. बर्फाच्या डब्यात घालून ती इस्पितळात नेताना त्यांनी नळीवरची चिठ्ठी निरखून पाहिली. वहिनींचं सुबक अक्षर, चिठ्ठी घट्ट चिकटलेली, कुठेही उकललेली नाही. आत थोडंसं स्वच्छ पाणी दिसावं तसा द्रव.

रिकामी नाही, चिमटाबाई मनाशी म्हणाल्या. मग तू आहेस तरी कोण?

३

इस्पितळातली त्यांची खोली अरुंद होती, पण तिथली प्रत्येक बाटली त्यांच्या ओळखीची होती. मदतनीस मुलींना त्यांनी आज हात लावू दिला नाही. सगळं स्वतःच्याच हाताने करायचं ठरवलं होतं.

त्यांचा विचार सरळ होता. हेर मेला असेल तर तो मुकादमाला चिकटणार नाही. पण मेलेला असला तरी तो सशाचाच. उकाड्याने त्याची धार गेली तरी सशाचा कंदील त्याला थोडाफार ओळखणारच. मग मुकादमाचं नाव सोडून द्यावं आणि नळीला एवढंच विचारावं की बाई, तू कोणत्या प्राण्याची?

त्यांनी प्रथिनं धरून ठेवणारा पांढरा कागद घेतला आणि त्यावर नळीतला थेंब टेकवला, थोड्या अंतरावर आणखी दोन. कागद कापून तीन तुकडे केले. पहिल्या तुकड्यावर सशाला ओळखणारा कंदील सोडला, दुसऱ्यावर बकरीला ओळखणारा, तिसऱ्यावर उंदराला ओळखणारा, कारण सशाखालोखाल अँटीबॉडी बहुतेक उंदरातच तयार करतात. धुवून झाल्यावर तिन्ही तुकडे उजेडाच्या पेटीत ठेवले.

बकरीचा तुकडा काळा राहिला. तो राहणारच होता; बकरी नुसती पडताळ्यासाठी होती.

सशाचा तुकडाही काळाच. मंद नाही, फिका नाही, पूर्ण काळा.

तिसऱ्या तुकड्यावर मात्र थेंबाच्या जागी लख्ख गोल उजळला होता.

चिमटाबाईंनी संचालकांना फोन लावला. "भाऊजी, त्या मुलीला काढायच्या पत्रावर सही करू नका. नळी उकाड्यात राहिली म्हणून सशाचा उंदीर होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हेर मेलेला नाही. त्याच्या जागी कोणीतरी दुसऱ्याला आणून बसवलंय. आणि तो कोण आहे, हे मी उद्या त्याच्याच तोंडून वदवून घेते."

४

वदवून घेणं सोपं होतं. कुठलीही अँटीबॉडी आपलं काम लपवू शकत नाही. पिल्लावर सोडली की ती आपल्या ओळखीच्या जागी जाऊन बसते, आणि बसलेली जागा म्हणजेच तिचं नाव.

चिमटाबाईंनी साधी पिल्लं मागवून घेतली, नळीतला द्रव त्यांच्यावर सोडला आणि मागून उंदराचा कंदील. दुसऱ्या दिवशी संचालकांसमोर त्यांनी भिंगाला डोळा लावला. पिल्लाचं डोकं काळं होतं. पण मानेपासून शेपटीपर्यंत, ओळीने बसवलेल्या बाणांसारखे हिरवे पट्टे पेटले होते.

"हे तर स्नायू," संचालक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "स्नायूंवर काम करणारा तिथे एकच माणूस आहे."

"आहे."

"दादाला लवकरच स्वतःची प्रयोगशाळा काढायची आहे. सरांचा लेख रखडला तर त्याचा फायदाच. ताई, मी त्याला आत्ताच बोलावतो."

"बोलवा. पण येताना त्याची स्नायूंची नळी घेऊन यायला सांगा."

दादा आला तो गोंधळलेला. भिंगातून पाहिल्यावर त्याचा रंगच उडाला. "ही माझीच अँटीबॉडी आहे. पण मी... बाई, मी स्वतःचीच ओळखपत्रं दुसऱ्याच्या घरात टाकून चोरी करीन का?"

"नाही करणार," चिमटाबाई म्हणाल्या. "आणि स्वतःचं चित्र अडकलेलं असताना तर मुळीच नाही. तुमची नळी मेली आणि हेरही मेला, दोन्ही एकाच सुमाराला. हे ऐकलं तेव्हाच मला खटकलं होतं. बसा, थोडा वेळ लागेल."

त्यांनी दादाच्या नळीतला थेंब कागदावर टेकवला आणि त्यावर सशाचा कंदील सोडला.

कागद धुवून झाला. उजेडाच्या पेटीचं झाकण त्यांनी दादालाच उघडायला लावलं. आत गोल, भरदार, लख्ख ठिपका.

"हेर मेलाही नाही आणि हरवलाही नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्या डब्यात राहायला गेलाय. चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत. म्हणजे कोणीतरी बसून, पिपेटने ओढून, इकडचा द्रव तिकडे आणि तिकडचा इकडे केलाय. चुकून होण्यासारखं हे काम नाही."

"पण कशासाठी?" संचालक म्हणाले. "नासवायचाच होता तर बेसिनमध्ये ओतून मोकळं व्हायचं. कोणाला कळलं असतं?"

"तेच तर. ज्याला हेर नको होता, त्यालाच तो ओतवेना. आणि नको का होता, ते कळायला तो अखेरचा प्रयोग मला करावा लागेल. जो धाकटी करणार होती, आणि जो कोणालातरी होऊ द्यायचा नव्हता."

५

साध्या पिल्लांत हेराने काम चोख केलं. दोन वाट्या, आणि त्यांत केंद्रकाएवढे गोल, रेखीव, हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्यात मुकादम बसलेला.

चिमटाबाईंनी दुसरी काचपट्टी लावली. बिनडोळी पिल्लं. इथे मुकादम नाही, म्हणजे काळोख हवा.

काळोख नव्हता.

डोळ्यांच्या जागी डोळे नव्हते, पण त्या सपाट जागेवर हिरवट उजेड होता. फिका, पसरलेला, कडा नसलेला. ठिपका एकही नाही. सगळी पेशी कोणीतरी ओल्या बोटाने पुसून काढावी तशी.

धुकं.

त्या भिंगापासून दूर झाल्या. हा शब्द त्यांचा नव्हता. तो त्यांनी ऐकला होता, चहाच्या कपाबरोबर. धाकटीच्या सगळ्या काचपट्ट्या काळ्या होत्या. खऱ्या हेराने बिनडोळी पिल्लं रंगवलेली जगात कोणी पाहिलीच नव्हती. मग त्यांत नेमकं काय दिसलं असतं, हे वहिनींना कसं ठाऊक?

बाकीचं आपोआप जुळत गेलं. धाकटीची थोडी पिल्लं कमी झाली होती, कारण कोणीतरी प्रयोग आधीच करून पाहिला होता. हेर ओतला गेला नव्हता, कारण ज्या हातांनी सशाला खाऊपिऊ घालून तो मिळवला, त्या हातांना तो ओतवला नाही. दादाचा डबा निवडला गेला, कारण दादा लेख लिहायला बसला होता, त्याची नळी आता कोणी उघडणार नाही असं वाटलं होतं. आणि किल्ल्या कोणाच्या कमरेला होत्या, हे तर सगळ्या संस्थेला माहीत होतं.

तरी एक प्रश्न उरला. त्या धुक्याचा अर्थ काय? हेर खोटं बोलत होता का?

चिमटाबाईंनी धाकटीला बोलावून घेतलं. "कात्री मधोमध लागली म्हणालीस. म्हणजे कापलेल्या जागेपर्यंतचा मुकादम पेशी अजून बनवत असेल की नाही?"

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. "अर्धा मुकादम. डोक्याकडचा. आणि हेर डोक्याकडचाच तुकडा ओळखतो."

"केंद्रकात कसं जायचं, हा पत्ता कुठल्या अर्ध्यात लिहिलेला असतो?"

"मागच्या. जो उरलेलाच नाही." ती उठून उभी राहिली. "म्हणजे तो पेशीभर भटकत असणार. मॅडम, जेल लावून बघूया का? प्रथिनं जेलीच्या लादीतून पळवायची. तुकडा लहान असेल तर लांब, खालपर्यंत पळेल, आणि कुठे पोचला ते हेर दाखवेल."

"चल," चिमटाबाई म्हणाल्या. "लादी तू ओत. नळीला मात्र हात मी लावणार. अजून तुझ्यावरचा आळ गेलेला नाही."

६

माशांच्या खोलीत टाक्यांच्या रांगा होत्या आणि पाण्याची एकसारखी गुळगुळ चालू होती. वहिनी वरच्या टाकीत खाणं टाकत होत्या. चिमटाबाईंना बघून त्या हसल्या, आणि मग त्यांच्या हातातला कागद बघून हसायच्या थांबल्या.

"बिनडोळ्या पिल्लांत धुकं दिसतं, वहिनी. तुम्ही म्हणालात तसंच."

वहिनींनी डबीचं झाकण लावलं. नाही म्हणायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"धाकटीच्या आधी मी एकदा करून पाहिलं," त्या म्हणाल्या. "भीती वाटत होती म्हणून नाही हो. उलट खात्री होती. म्हटलं, आपल्या हेराचा शेवटचा मोठा दिवस, पहिल्यांदा आपण बघावा. बघितलं तर त्या पिल्लांत उजेड. ज्यांत मुकादमच नाही, त्यांच्यात माझा हेर बोट दाखवतोय. म्हणजे इतकी वर्षं तो भलत्याच कशाला तरी चिकटत होता. किती लोकांना मी तो वाटला. त्यांनी त्यावर लेख लिहिले, मुलांनी पदव्या घेतल्या. यांचं तर सगळं नावच त्यावर उभं आहे."

"आणि मग तुम्ही तो लपवलात."

"प्रयोगच झाला नाही तर कोणाला कळणार नाही, एवढंच डोक्यात होतं. नुसतं पाणी भरलं तर कोणी तपासेल, म्हणून दादाची अँटीबॉडी. ओतून टाकणार होते. नाही जमलं."

"त्या मुलीवर आळ आला तेव्हा?"

वहिनींनी डबी टाकीच्या कडेवर ठेवली.

"पहिल्या दिवशी वाटलं, हे ओरडतील आणि गप्प बसतील. मग वाटलं, उद्या सांगू. मग पत्र लिहून झालं. तिला रोज चहा देत होते, बाई. डोळ्याला डोळा देता येत नव्हता."

"लेकीसारखी मानता म्हणालात."

"तेही खोटं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर जास्त वाईट आहे."

चिमटाबाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला. काळ्या पार्श्वभूमीवर दोन उभ्या रांगा होत्या. साध्या पिल्लांच्या रांगेत वरच्या बाजूला एक ठसठशीत पट्टी. बिनडोळ्या पिल्लांच्या रांगेत तिथे काही नाही, पण बरंच खाली एक फिकी पट्टी.

"जेल कालचं आहे. कात्री कुठे लागली होती, ठाऊक आहे तुम्हाला?"

"डोक्यापाशी. काहीच उरू नये म्हणून."

"ते जमलं नाही. तिने मधोमध कापलं."

वहिनींनी कागद हातात घेतला. पट्टीवर बोट ठेवलं, वर नेलं, खाली आणलं. त्या या विषयातल्या जुन्याजाणत्या. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती. पालथ्या घातलेल्या बादलीवर त्या हळूच टेकल्या.

"अर्धा मुकादम," त्या म्हणाल्या. "तो अर्ध्यालाही ओळखत होता. माझा हेर खरा होता."

"अगदी खरा. त्याने दिसलं तेच सांगितलं. वाईट याचं वाटतं, की त्याचं पूर्ण ऐकून न घेता तुम्हीच त्याला खोटं ठरवलंत."

"मला कोणी सांगितलं नाही, मधोमध कापलं ते."

"तिने तुमच्या यजमानांना सांगितलं होतं."

वहिनी कडवट हसल्या. "घरी कामाचं बोलायचं नाही, असं लग्नानंतर आमचं ठरलं होतं. सुखाने संसार व्हावा म्हणून."

"शुक्रवारी समिती आहे," चिमटाबाई म्हणाल्या. "मी सांगू शकते. पण ते माझ्या तोंडून गेलं तर चौकशी होईल, आणि तुमच्या तोंडून गेलं तर कबुली. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

वहिनींनी कमरेची किल्ल्यांची जुडी सोडली आणि बाईंच्या हातात ठेवली. "या आजच घ्या. मी शुक्रवारी येते."

७

समितीच्या खोलीत सर पत्र घेऊन आले होते. ते वाचायला त्यांनी चष्मा लावला तेवढ्यात वहिनी उठल्या.

त्यांनी फार लांबण लावली नाही. काय पाहिलं, काय केलं, कोणावर आळ येऊ दिला. प्रत्येक वाक्य सरळ. दादाची माफी मागितली. मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "तू नळी बर्फातच उघडली होतीस. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. यासाठी जे काही होईल ते मला मान्य आहे."

सरांनी चष्मा काढला. ते आधी पत्नीकडे बघत राहिले, मग हातातल्या पत्राकडे. कोणाला वाटलं ते चिडतील, कोणाला वाटलं उठून जातील. त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा घातली, आणि धाकटीसमोर जाऊन उभे राहिले.

"तू मला सांगितलं होतंस, मधोमध कापलं म्हणून. मी ऐकलं आणि विसरलो. तेवढं मी हिला सांगितलं असतं तर यातलं काही घडलं नसतं. आळ मी घेतला, काही न बघता. चूक माझी आहे."

धाकटी उभी राहिली. "सर, हेच वाक्य मला प्रयोगशाळेच्या सोमवारच्या बैठकीत हवंय. ज्या लोकांसमोर तुम्ही आळ घेतलात, त्यांच्यासमोर."

"मिळेल," सर म्हणाले.

वहिनींना त्या दिवसापासून कामावरून दूर ठेवायचं ठरलं. पुढचं समिती नंतर बघणार होती. दादाला त्याची नळी परत मिळाली. संचालकांनी पत्र मागून घेतलं आणि फाडून टाकलं. चिमटाबाई पर्स उचलून निघायच्या बेतात होत्या, तोच समितीतल्या एका वृद्ध सदस्यांनी जेलचं चित्र पुढे ओढलं.

"प्रशासनाचं झालं ना? मग मला एक सांगा," ते म्हणाले. "हा जो अर्धा मुकादम आहे, तो नुसताच भटकतो की पेशीत काही उद्योगही करतो?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. "अजून कोणालाच माहीत नाही. पण कसं शोधायचं, ते मला माहीत आहे."

ती फळ्यापाशी गेली. कोपऱ्यातला कोणाचा तरी जुना मजकूर तिने तळव्यानेच पुसला, खडू उचलला आणि एक पेशी काढली. चिमटाबाईंनी पर्स परत खुर्चीवर ठेवली आणि ऐकायला बसल्या.